भवानीचे गिऱ्हाईक

शनिवारी सकाळी साउआजीच्या दुकानात पहिले पाऊल पडायचे ते खियेमचे. दुकानाचे पत्र्याचे शटर कमरेइतके वर गेलेले असे, ओल्या पालेभाजीचा आणि कालच्या फणसाचा वास रस्त्यापर्यंत आलेला असे, आणि आत पाटावर बसून गवती चहाच्या जुड्या बांधणारी आजी त्याची चाहूल लागताच म्हणे, "आला का माझा पायगुण?"

मग तो वाकून आत जाई. दारासमोर जमिनीवरच मांडलेल्या लाल देव्हाऱ्यात ढेरपोट्या भूमिदेव हसत बसलेला असे; त्याच्यापुढे काळ्या कॉफीचा पेला आणि पेटवून ठेवलेली सिगारेट. खियेम जे हवे ते उचली, भाव विचारीत नसे, घासाघीस करीत नसे. त्याने दिलेली नोट आजी तांदळाच्या पोत्यांवरून, सोड्यांच्या बरण्यांवरून, फिश सॉसच्या बाटल्यांवरून ओवाळल्यासारखी फिरवी आणि मगच गल्ल्यात टाकी. भवानी झाली. आता शटर पूर्ण वर जायला हरकत नव्हती.

हे सुरू झाले ते योगायोगाने. आदल्या वर्षी, परदेशातल्या स्प्रिंगवेल या उपनगरातल्या त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात, रात्रभर झोप न लागल्याने तो पहाटे उठून तांदूळ आणायला निघाला होता आणि नकळत दुकानातले पहिले गिऱ्हाईक ठरला होता. त्या दिवशी आजीकडची काटेरी दुरियन फळे दुपारच्या आत संपली. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. त्या दिवशी एका लग्नघराची मोठी मागणी आली. आजीने मनाशी खूणगाठ बांधली. शेजारी केस कापायचे दुकान चालवणारी थोआ काकू तेवढी तिची थट्टा करी. "मावशी, पोराचा पाय चांगला असेल, पण दर वेळी त्याच्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी फुकट टाकतेस. नफा तिथेच गेला की."

"तुझ्या दुकानात सकाळी पहिलं कोण येतं ते बघ आधी," आजी म्हणे. "म्हणून तुझ्याकडे टकलेच जास्त."

खियेम हसे आणि खाली बघे. या शहरात त्याच्या येण्याजाण्याने कुठलेच दार हलत नव्हते. विद्यापीठात पाण्याच्या अभियांत्रिकीच्या वर्गात तो मागच्या बाकावर बसे आणि शिक्षक त्याचे नाव घेताना अडखळून पुढच्या नावावर जात. ज्या घरात तो खोली घेऊन राहत होता तिथले इतर भाडेकरू त्याला पायांच्या आवाजावरून ओळखत, चेहऱ्यावरून नव्हे. आणि इथे, तांदळाच्या पोत्यांमध्ये, कोणीतरी त्याच्या पावलासाठी दार अर्धे उघडून वाट बघत होते. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती. सांगण्याने ती लहान झाली असती.

चांद्रवर्षाच्या सातव्या महिन्यात, विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या इथल्या ऐन थंडीत, त्याचे वडील गेले.

मायदेशी, सा देक गावच्या नदीकाठी ते फुले पिकवीत. पुराचे पाणी शेतात शिरते म्हणून तिथे कुंड्या उंच बांबूच्या माचांवर ठेवतात, आणि माळी नावेत उभा राहून माचामाचांमधून फिरतो. वडील असेच एका सकाळी नावेत बसले ते बसूनच राहिले. आईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज अगदी कोरडा होता. सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तू येऊ नकोस, बाळा. तुझी परीक्षा तोंडावर. इथे काका आहेत, सगळे आहेत."

आणि त्याला हायसे वाटले.

ते क्षणभरच वाटले. नंतर रडू आले, नंतर त्याने विमानांच्या वेळाही पाहिल्या. पण सर्वांत आधी जे वाटले ते हायसे होते, हे त्याला पक्के ठाऊक होते. तो एकुलता एक मुलगा होता. उदबत्त्यांचे पात्र हातात धरून शवापुढे चालण्याचा मान त्याचा. ते पात्र चुलतभावाने धरले. विद्यापीठाच्या जिन्यात बसून खियेमने फोनच्या पडद्यावर ते पाहिले: कपाळाला पांढरी पट्टी बांधलेला चुलतभाऊ, त्याच्यामागे आई, मग चित्र गोठले आणि बराच वेळ आईचा चेहरा अर्धवट वळलेला, तोंड किंचित उघडे, तसाच राहिला.

पुढचा शनिवार आला. तिकडे सुतक वर्षभराचे, आणि सुतकातल्या माणसाने कोणाच्या दुकानाची भवानी करायची नसते, हे सा देकमधले शेंबडे पोरही जाणते. खियेम शटरपुढे उभा राहिला. सांगायचे काय, ते त्याने वाटेत जुळवून ठेवले होते.

"आला का माझा पायगुण?" आतून आवाज आला.

आत जाऊन सांगू, असे म्हणून तो वाकला. आत गेल्यावर वाटले, निघताना सांगू. निघताना त्याच्या पिशवीत गाजरे, तांदळाच्या शेवया आणि कोथिंबिरीची फुकट जुडी होती आणि नोट सोड्यांच्या बरण्यांवरून फिरून गल्ल्यात गेली होती. एक शनिवार असा गेला आणि दुसरा त्याहून अवघड झाला, कारण आता पहिल्याचीही कबुली द्यावी लागणार होती. मग शनिवार साचत गेले.

दुसरा कोणी दुकानदार असता तर एखादे वेळी त्याने सांगितलेही असते. पण आजीचे वडील ती देश सोडून आल्यावर गेले होते. ते तिने त्याला केळफूल सोलता सोलता सांगितले होते, वरची जून पाने टाकावीत इतक्या सहजपणे. ती युद्धानंतर नावेतून पळून निघालेल्या लोकांपैकी होती. मागे फिरण्याची वाट तिच्यापुरती बंद होती. वडिलांची बातमी तिच्यापर्यंत पोहोचली तेव्हा तिकडे वर्षश्राद्धाची तयारी चालली होती. "मी त्या दिवसापासून सुतक धरलं," ती म्हणाली होती. "लोक म्हणाले, वर्ष संपलं की. मी म्हटलं, तुमचं संपलं असेल."

त्या आजीला सांगायचे म्हणजे तिच्या पुढच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे होते. गेला होतास का, हा तो प्रश्न. त्याची वाट बंद नव्हती; मध्ये नुसते एक विमान होते.

चांद्रवर्ष सरत आले. उन्हाळा भाजू लागला. दुकानात कापडी पिवळ्या फुलांच्या फांद्या टांगल्या गेल्या, कलिंगडांवर लाल कागद चिकटले, केळीच्या पानात बांधलेले चिकट भाताचे जाडजूड लोड छतापासून लोंबू लागले. अशाच एका शनिवारी भवानी झाल्यावर आजीने त्याला थांबवून घेतले. थोआ काकूही कॉफीचा पेला घेऊन येऊन उभी होती.

"तुझं साल कुठलं रे?"

"ड्रॅगनचं, आजी."

आजीने चष्मा लावला आणि भिंतीवरच्या, बारा प्राण्यांची साले मोजणाऱ्या पंचांगाची पाने उलटली. "माझं उंदराचं. जमतं. ऐक, नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडणार आहे. नऊचा मुहूर्त आहे. पहिला पाय तुझा पडायचा."

"गेल्या वर्षी कोणाचा पडला होता, आठवतं ना," थोआ काकू म्हणाली.

"नाव काढू नको. कलिंगडाला टिचक्या मार मार मारल्या, भाव पाड पाड पाडला आणि न घेताच गेला. मग काय झालं? डॉक्टरांनी माझा गुडघा कापला. भाज्यांचा फ्रिज बसला. समोर ते मोठं दुकान उघडलं."

"गुडघा त्याच्या टिचक्यांनी गेला होय?"

"तू हस. आणखी एक असं वर्ष आलं तर मी शटर ओढून मुलीकडे जाऊन बसणार. मग तुझी सकाळची कॉफी कुठली?" आजी पुन्हा खियेमकडे वळली. "घरी सगळं ठीक ना? आईवडील दोघं आहेत ना?"

"आहेत," खियेम म्हणाला.

तो शब्द इतका सहज बाहेर पडला की दुसऱ्याच कोणी उच्चारल्यासारखा त्याला तो ऐकू आला. आजीने समाधानाने मान हलवली. थोआ काकू म्हणाली, "लाल सदरा घाल हो. नाहीतर येशील असा, बटाट्याच्या पोत्यासारखा."

त्यानंतर तो सांगण्यासाठी म्हणून मुद्दाम एकदा आडवारी गेला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आजीने त्याला पाहिले आणि वजनकाट्याजवळूनच हाक मारून रांगेतल्या बायकांना सांगितले, "हाच तो. दुसऱ्या दिवशी हाच उघडणार माझं दुकान." बायकांनी वळून त्याच्याकडे पाहिले. एकीने विचारले की याला आमच्याकडेही पाठवाल का. खियेमने तांदळाच्या कागदी पोळ्यांचे एक पुडके उचलले, पैसे दिले आणि तो परत फिरला.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी त्याने आईला फोन केला. तिकडे मागे झांजा वाजत होत्या.

"फुलं यंदा काकांनी विकली," आई म्हणाली. "भाव बरा मिळाला म्हणे. आमचं काय, यंदा सुतक. कोणाच्या दारात जायचं नाही, कोणाला शुभेच्छा द्यायच्या नाहीत. तूही तिकडे कोणाकडे जाऊ नकोस हं, बाळा. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण मनात ठेवतात."

"नाही जाणार."

"शहाणा माझा," आई म्हणाली.

म्हणून नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला नाही. नऊच्या सुमारास रेल्वेच्या पादचारी पुलावर कठड्याला टेकून तो उभा राहिला. तिथून दुकानांची मागची बाजू, कचऱ्याचे हिरवे डबे आणि पत्र्याची छपरे दिसत. उत्तरेचा गरम वारा वाहत होता. त्याने मनाशी हिशेब मांडला होता: मुहूर्ताला गर्दी असणारच, आपण दिसलो नाही तर कोणीतरी आत शिरेल, आजी चिडेल आणि मग गल्ल्याच्या घाईत विसरेल, एवढ्याने सुतकही पाळले जाईल आणि सांगावेही लागणार नाही. मुहूर्ताची वेळ टळली. त्याला हायसे वाटले.

आणि ते हायसे त्याच्या ओळखीचे होते. तेच, जसेच्या तसे. हिवाळ्यात फोन कानाशी धरून उभा असताना छातीत जे सैल पडले होते, तेच आता सैल पडले होते. तो कठड्यापासून बाजूला झाला आणि पायऱ्या उतरू लागला, काय करणार आहोत हे ठाऊक नसताना.

कोपऱ्यावरून वळताच त्याला रांग दिसली.

शटर कमरेइतकेच वर होते. बाहेर माणसे पिशव्या घेऊन उन्हात ताटकळत होती. कोणी वर्तमानपत्राने वारा घेत होते, कोणी मुलाला दटावत होते. शटरच्या आत, उंबऱ्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीवर आजी बसली होती. तिच्या अंगात सोनेरी नक्षीचा लाल रेशमी अंगरखा होता आणि दुखरा पाय तिने समोर लांब केला होता. ती कोणालाच आत सोडत नव्हती.

"आला, आला," थोआ काकू ओरडली. "अरे महाराजा, मुहूर्त टळला की. म्हातारी अडून बसलीय. मोठ्या माणसांना परत पाठवलं तिने तुझ्यासाठी. आणि हा काय सदरा? राखाडी?"

रांगेने त्याला वाट दिली. कोणीतरी पाठीवर थाप मारली. आजीने खालून वर पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती सुटका होती. "झोप लागली ना?" ती म्हणाली. "असू दे. तास अजून सरला नाही. ये, वाक आणि आत ये."

शटरची कड त्याच्या पोटाशी होती. वाकले की झाले. त्याचे गुडघे सवयीने सैल झालेसुद्धा.

"आजी, मला आत येता येत नाही," तो म्हणाला. "मला सुतक आहे."

वर्तमानपत्राने वारा घेणारा माणूस पुढे झुकला.

"कोणाचं?"

"वडिलांचं."

आजीने खुर्चीचा हात धरला. "कधी गेले? आता, नव्या वर्षात?"

"सातव्या महिन्यात."

तिची नजर देव्हाऱ्याकडे गेली, तिथून पोत्यांकडे, बरण्यांकडे, एकेका वस्तूवर थांबत. इतक्या शनिवारी ती नोट कुठे कुठे फिरली होती ते ती बघत होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्या दिवशी विचारलं होतं तुला."

"खोटं बोललो."

"गेला होतास?"

प्रश्न आला तो असा, पाटावर बसून भाजीचा भाव सांगावा तसा. बाहेर इतकी माणसे होती आणि त्यातल्या बहुतेकांचे आईवडील त्यांच्यावाचून मातीत गेले होते. खियेमला ते प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे न बघताही कळत होते.

"नाही," तो म्हणाला. "जाता आलं असतं. गेलो नाही."

पाठीवर थाप मारणारा माणूस किंचित मागे सरकला. आजीने देव्हाऱ्याजवळचा एक जुना कागद उचलला, गुंडाळला, देवापुढच्या दिव्यावर पेटवला आणि उंबऱ्यावरून डावीउजवीकडे फिरवला. अपशकून काढायला हे ती कधीमधी, न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकाची पाठ वळल्यावर करी. आज तो समोर उभा असताना तिने केले, कारण दुसरा इलाज नव्हता. जळका कागद पदपथावर पडला. थोआ काकूने तो चपलेने विझवला.

"चला, आता कोण येतंय पहिलं?" आजीने रांगेकडे पाहिले.

कोणी पुढे आले नाही. एका माणसाला एकाएकी आठवले की त्याचे साल घोड्याचे, उंदराशी त्याचे वाकडे. एक बाई म्हणाली, माझ्या नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली, मी कशी येऊ. थोआ काकूने हात झटकले. "मी घटस्फोटित. मला विचारूच नका." उन्हात सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. जी गोष्ट त्याच्या एकट्याची होती ती त्याने सगळ्यांच्या अंगावर आणून टाकली होती.

शेवटी आजी उठली. खुर्ची मागे ढकलून ती शटरखालून वाकून बाहेर येऊ लागली. कापलेला गुडघा वाकत नव्हता. एक हात उंबऱ्यावर टेकून, अंगरख्याची टोके दुसऱ्या हाताने सावरत ती अर्धी बाहेर आली आणि तिथेच अडकली. खियेमने झटकन शटर वर ढकलण्यासाठी हात घातला.

"तू हात लावू नकोस," ती म्हणाली. आवाज कठोर नव्हता. गरम भांड्याला हात लावणाऱ्या मुलाला सांगावे, तसा होता.

त्याने हात मागे घेतला. थोआ काकूने तिला काखेत धरून बाहेर काढले. आजी पदपथावर सरळ उभी राहिली, केस चापून बसवले, लंगडत कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि तिथून परत वळली. आता ती गिऱ्हाईक होती. रांग गंभीरपणे बघत राहिली; कोणी हसले नाही. दुकानाशी येऊन, पुन्हा तसेच कष्टाने वाकून, तिने आपल्याच दुकानात वर्षाचे पहिले पाऊल टाकले. मांडणीवरून मिठाची पिशवी उचलली, भाव विचारला नाही, आपल्याच अंगरख्याच्या खिशातून नोट काढली, पोत्यांवरून आणि बरण्यांवरून फिरवली आणि गल्ल्यात टाकली. मग शटर पूर्ण वर गेले आणि माणसे बोलत, ढकलत आत शिरली.

खियेम पदपथाच्या कडेला उभा राहिला. निघून जाणे त्याला सोपे होते, म्हणूनच तो थांबला. आतून माणसे पिशव्या भरून बाहेर येत आणि त्याला वळसा घालून जात. बऱ्याच वेळाने थोआ काकू आली आणि तिने त्याच्या हातात एक पुडके दिले. उदबत्त्या होत्या.

"म्हातारीने दिल्यात. म्हणाली, खोलीत वडिलांचा फोटो आहे का विचार."

"फोनमध्ये आहे."

"छापून घे म्हणाली." काकूने ओठ आवळले. काही सांगावे की नाही, असे तिच्या मनात चालले असावे. "माझी आई गेली तेव्हा आम्ही निर्वासितांच्या तळावर होतो. तारेच्या आत. तुला वाटत असेल, आम्ही तुला समजून घेऊ."

"नाही, काकू. तसं नाही वाटलं."

"बरं." ती परत फिरली आणि दारातून म्हणाली, "शनिवारी ये म्हणाली. पण दुपारनंतर."

त्याने फोटो छापून घेतला. वडिलांचे असे एकच चित्र त्याच्याकडे होते: माचांच्या मधोमध नावेत उभे, भोवती पिवळ्या शेवंतीचे गोल गुच्छ, पानांच्या टोपीची सावली अर्ध्या चेहऱ्यावर. पूजेला मूर्तीसारखा समोरून घेतलेला फोटो हवा, हे त्याला माहीत होते. पण इतर फोटोंत वडील नव्हते. फोटो काढणारे तेच असत. खिडकीच्या कट्ट्यावर तांदूळ भरलेल्या पेल्यात उदबत्ती खोचून तो त्या सावलीकडे बघत बसे.

शनिवारी सकाळी तो नेहमीसारखाच लवकर जागा झाला. अंथरुणात पडल्या पडल्या त्याला दुकानाचा वास आठवत राहिला. दुपार टळून गेल्यावर तो निघाला. शटर पूर्ण वर होते, आत गर्दी होती. ताठ उभ्यानेच तो आत गेला; या दारातून न वाकता तो प्रथमच जात होता. भूमिदेवापुढची सिगारेट विझून राख झाली होती, कॉफीवर तवंग धरला होता. सकाळी कोण आले होते, ते त्याने विचारले नाही.

त्याने गवती चहा घेतला, थोडी मिरची घेतली आणि तो रांगेत उभा राहिला. पुढची बाई बराच वेळ सोड्यांवरून हुज्जत घालत होती. त्याची पाळी आली. आजीने वस्तू काट्यावर ठेवल्या, आकडा सांगितला. त्याने नोट पुढे केली. ती नोट तिच्या हातात क्षणभर, अगदी क्षणभर, जिथे होती तिथेच राहिली. मग ती सरळ गल्ल्यात गेली, इतर नोटांवर.

"फोटो छापलास?" तिने वर न बघता विचारले.

"हो, आजी."

"फळं ठेवत जा त्याच्यापुढे. इथली ठेवलीस तरी चालतील." तिने पिशवी त्याच्याकडे सरकवली. वरती कोथिंबीर नव्हती. "पुढचा कोण?"

मागच्या माणसाने खियेमला हलकेच बाजूला केले आणि आपली कलिंगडे काट्यावर ठेवली.